लाल रेघांची वही

शनिवार, १८ सप्टेंबर १९९९

आज फौजदार सोळुंक्यांनी बँकेच्या मॅनेजरच्या कानाखाली वाजवली आणि आम्ही बाकीच्या वीस जणांनी टाळ्या पिटल्या. आमचा नेतृत्वाचा वर्ग असा सुरू झाला.

झालं असं, की पुण्याहून आलेले हर्षे सर म्हणाले, नेता व्हायचं असेल तर आधी मनातला राग ओळखायला शिका. समोरच्याकडे बघा आणि राग दाखवा. कोणी डोळे वटारले, मी जरा गुरगुरलो. फौजदारांनी सरळ हात उचलला. मॅनेजर भिंतीवर आपटला, चष्मा फुटला, नाकातून रक्त आलं. हर्षे सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आता दोघांत आडपडदा राहिला नाही, असं सांगितलं. मॅनेजर हसला. रुमाल लाल झाला होता तरी हसला.

'संगम वर्ग' नाव आहे. अर्धे सरकारी, अर्धे कंपन्या-कारखान्यांचे. एका शनिवाराआड जालन्याला जमायचं. जेवण बियाणं कंपनीचं, रजा सरकारची. कोणी कोणाला साहेब म्हणायचं नाही, सोबती म्हणायचं. सरकारी आणि खाजगी यांच्यातली भिंत पाडायची आहे म्हणे. मला हे काही सरळ दिसत नाही. तहसील, पोलीस, बँक आणि कंपनी एका ताटात जेवायला लागले तर बाहेर राहिलेल्यांनी तक्रार घेऊन जायचं कुठं? टेबलावरच्या फुलदाणीत टेप लपवला असणार, असा मला दाट संशय आहे. चहाच्या वेळी फुलं उपसून बघितली. आत नुसतं पाणी होतं.

माझी निवड मात्र गुणांवर झाली. तालुक्यातल्या सगळ्या कृषी सहाय्यकांमधून मी एकटा. बियाणं कंपनीचा इथला मॅनेजर रामराव स्वतः म्हणाला, तुमचं अक्षर आणि तुमची माणसांची पारख आम्ही ऐकून आहोत.

घरी लिहायला एक चिंतनवही दिली आहे. आपल्या भागातली माणसं, त्यांचे गुण, त्यांची राहणी असं त्यात लिहायचं. वर्गात ती जोडीदाराने वाचायची आणि आवडलेल्या मजकुराखाली लाल रेघ ओढायची. सरकारी माणसाला खाजगी जोडीदार. माझा जोडीदार रामरावच. मनातलं खरंखुरं तिथं कोण लिहिणार? त्यासाठी ही डायरी आहे. तिथं आपलं गोड गोड.

मंगळवार, २१ सप्टेंबर

संध्याकाळी बदरोद्दीन आला. तीर्थपुरीच्या शाळेत चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. आता तो चाळीस शेतकऱ्यांचा पुढारी आहे आणि मी त्याच गावातला कृषी सहाय्यक.

त्याचं प्रकरण इथं एकदा नीट लिहून ठेवतो. मागच्या वर्षी या चाळीस जणांनी कंपनीसाठी संकरित कापसाचं बी तयार केलं. बायकांनी दोन महिने एकेक फूल हाताने फळवलं. कंपनीने बी मोजून नेलं आणि जूनमध्ये कळवलं, उगवण फेल. बीही परत दिलं नाही. बदरचं म्हणणं, तेच बी दुसऱ्या पिशवीत भरून बाजारात आलं आहे. पण बदर पक्का. बी नेलं त्याच दिवशी त्याने चाळीस पुरचुंड्यांत नमुने काढून, कंपनीच्या माणसाची सही घेऊन, लाखेचं सील मारून घेतलं होतं. फेब्रुवारीत जालन्याच्या ग्राहक मंचात सुनावणी आहे. तिथं त्या पुरचुंड्या फुटतील, बी ओल्या गोणपाटात घातलं जाईल. उगवलं तर कंपनी खोटी. पुरचुंड्या कुठं आहेत ते फक्त बदरला माहीत आहे.

मी त्याला वर्गाबद्दल सांगितलं. फुलदाणीचं ऐकून तो हसला. मग म्हणाला, "बाकी सगळे मोठे लोक. तुला कामून घेतलं रे त्यांनी?"

मला राग आला. त्याला दुसरा चहा विचारला नाही.

शनिवार, २ ऑक्टोबर

पाच लाल रेघा! बावीस जणांत सर्वांत जास्त.

विषय होता, 'जवळून पाहिलेला नेता'. मी बदर आणि कंपनीविरुद्धच्या अर्जावर सह्या गोळा करणारा त्याचा धाकटा भाऊ सिराजोद्दीन यांच्यावर लिहिलं. त्यांच्याविरुद्ध एक अक्षर नाही, सगळं कौतुकच. रामरावासारख्यालाही कळू दे की ही माणसं काय चीज आहेत. एक वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं आहे: 'सिराजोद्दीन दर सोमवारी कालव्याच्या रस्त्याने मोटारसायकलवर वस्त्यावस्त्यांना जातो, खांद्याच्या थैलीत सह्यांचे कागद, सोबतीला कोणी नाही, हातात काठी नाही, तोंडात मात्र सदा शीळ.' हर्षे सरांनी ते मोठ्याने वाचलं आणि ही वही जिवंत आहे असं म्हणाले.

रामरावाने शिळेखाली रेघ ओढली नाही. 'दर सोमवारी' खाली ओढली. त्यात आवडण्यासारखं काय आहे? भाषेची समज बेताचीच दिसते.

जेवणानंतर तो आणि फौजदार मागच्या लिंबाखाली बराच वेळ उभे होते. मी नजर ठेवून आहे.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

काल सिराजला मारलं.

कालव्याच्या पुलावर बिननंबरची जीप आडवी लावली. चार जण. त्याला खाली पाडून लाथा घातल्या, मग उजवा हात पुलाच्या कठड्यावर धरला आणि चाक खोलायच्या टामीने बोटं ठेचली. एकेक करून ठेचली. "सह्या घेतो का?" असं दर वेळी विचारत होते. थैली कालव्यात फेकली. जालन्याच्या दवाखान्यात मी बदरबरोबर गेलो. डॉक्टरने पट्टी उघडली, मी बाहेर जाऊन ओकलो. तीन बोटं वाचणार नाहीत.

तक्रार घ्यायला फौजदार सोळुंके स्वतः आले. त्यांनी लिहिलं, गाडी घसरून अपघात. मी म्हणालो, सोळुंके सोबती, हे काय लिहिता? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. अजून दुखतो आहे. "भुजंगराव, वर्गातलं वर्गात," म्हणाले.

घरी माझी बायको उषा म्हणाली, "तो सोमवारीच त्या रस्त्यानं जातो, हे त्या लोकायला कोण सांगितलं?"

मी म्हणालो, तेच शोधायचं आहे. वर्ग म्हणजे एक जाळं आहे, यात आता मला शंका राहिली नाही. पण जाळ्याला गावात एक डोळा लागतो. तो डोळा कोणाचा, हा प्रश्न आहे.

शनिवार, ९ ऑक्टोबर

सापडला. कचरू.

कचरूची काळीपिवळी जीप तीर्थपुरी ते वडीगोद्री चालते. सगळा गाव तिच्यात बसून बोलतो आणि कचरू ऐकतो. महिन्यापूर्वी त्याने जीपला नवी गादी बसवली, नवा टेप बसवला. पैसा कुठून आला? शिवाय रामरावाला त्याने दोनदा फुकट नेलेलं मी स्वतः बघितलं आहे. बदरच्या ओट्यावर पोरं बसली होती, तिथंच त्याला सांगितलं. कचरू असं करायचा न्हाई, म्हणाला. मी त्याला एकामागे एक सगळं पटवून दिलं. बदर उठून गेला, पण तिथं बसलेली बाकीची पोरं उठली नाहीत.

बुधवार, १३ ऑक्टोबर

हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

आज वडीगोद्रीला रस्त्यालगतच्या पंक्चरच्या दुकानापाशी पोरांनी कचरूला जीपमधून ओढलं. दहा-बारा जण असतील. त्याला काही कळायच्या आतच मारायला लागले. पट्टे, चपला, एकाच्या हातात टायरचा तुकडा. तो म्हणत होता, अरे काय केलं मी, सांगा तरी. कोणी सांगितलं नाही. पायावर पडायला माझ्याकडे आला, कारण तिथं वयाने मोठा मी होतो. मी पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारली. एकदाच. मग टायरचा तुकडा त्याच्या डोळ्यावर बसला आणि तो खाली बसून राहिला. बोटांच्या फटीतून काळं रक्त येत होतं.

बदर तिथं नव्हता. संध्याकाळी त्याला कळलं तेव्हा त्याने मला दारातून आत घेतलं नाही. पण मला वाटतं, फितुरीचा बंदोबस्त झाला.

रविवार, २४ ऑक्टोबर

कचरूचा डोळा गेला.

त्याची बायको साळूबाई आज आमच्या अंगणात आली. मला वाटलं शिव्या देईल. तिने पदरातून दुकानाची एक पावती काढली आणि ओट्यावर ठेवली. गादी आणि टेप तिच्या भावाने घेऊन दिला होता, जीपच्या दुसऱ्या हप्त्याच्या वेळी. पावतीवर भावाचं नाव होतं. मग ती ओट्यावर थुंकली आणि गेली. उषाने ओटा धुतला. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पावती खोटीही असू शकते. पण ती खोटी असावी असं मला इतकं का वाटतं आहे, ते मला कळत नाही.

शनिवार, ३० ऑक्टोबर

मागच्या वर्गाला आणि या वर्गाला मी मुद्दाम माणसांवर लिहिलं नाही. जमिनीचा पोत, करडईचा पेरा यावर लिहिलं. एकही लाल रेघ नाही. रामरावाने पानं भराभर उलटली आणि वही परत दिली. हर्षे सर म्हणाले, "तुमची माणसं कुठं गेली, भुजंगराव? तीच तर तुमची ताकद होती."

खरं सांगायचं तर मन खट्टू झालं. गावात कोणी माझ्याशी धड बोलत नाही, घरात उषा बोलत नाही. माझं लिहिलेलं कोणाला आवडतं असं ते एकच ठिकाण होतं.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

दिवाळीच्या फराळाला बदर आणि त्याची बायको जन्नतबी आले. मला फार बरं वाटलं. जन्नतबीने उषाला लिंबाच्या लोणच्याची मोठी बरणी दिली, वर दोन पदरी फडकं आवळून बांधलेलं. मी हात घातला तर उषाने हातावर चापट मारली. अजून मुरायचं आहे म्हणे. बरणी तिने उचलून माळ्यावर नेऊन ठेवली. लोणचं माळ्यावर कोण ठेवतं?

जाताना बदरने विचारलं, "तुझ्या त्या वर्गाच्या वहीत काय लिव्हतो रे?"

"काही नाही. तुझं कौतुक."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझं नको लिहू, भुजंग. माझ्या शेताचं भी नको लिहू."

नम्रता आहे, दुसरं काय. खऱ्या पुढाऱ्याला स्वतःची स्तुती नको असते.

शनिवार, १३ नोव्हेंबर

सहा रेघा.

विषय 'सुगीचा आनंद'. आज सकाळीच लिहून काढलं. बदरचं नाव लिहिलं नाही, शब्द पाळला. 'माझा एक मित्र' एवढंच लिहिलं. त्याच्या आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या खोलीतला, कापूस आढ्याला टेकला आहे, तरी उद्या सगळं घर अंबडला लग्नाला जाणार आहे आणि खोलीला साधं कुलूपसुद्धा नाही, इतका त्याचा गावावर विश्वास. हर्षे सरांचे डोळे पाणावले. रामरावाने माझा हात हातात घेतला.

सोमवार, १५ नोव्हेंबर

काल दुपारी बदरचा आखाडा जाळला. पत्र्याची खोली, आतापर्यंत वेचलेला सगळा कापूस, शेजारच्या गोठ्यातले दोन बैल. एक जागीच मेला. दुसरा दावं तोडून बाहेर आला, पाठीचं कातडं लोंबत होतं, दिवस मावळेपर्यंत ओरडत होता. बदर लग्नाच्या कपड्यांतच त्याच्या डोक्याशी बसला. मी पाण्याची बादली घेऊन उभा राहिलो. पाणी कुठं ओतावं तेही कळत नव्हतं.

कचरू तर घरी पडून आहे. म्हणजे डोळा दुसऱ्याच कोणाचा आहे. लग्नाला जाणार हे कोणाला माहीत होतं? जन्नतबीच्या माहेरच्यांना. उषाला. मी उषाला विचारलं, तू विहिरीवर कोणापाशी बोललीस का? तिच्या हातात भाकरीची परात होती. तिने ती जमिनीवर इतक्या जोरात आपटली, की काठ चेमटला.

"तुम्ही काय लिव्हता त्या वहीत?" तिने विचारलं.

"साहित्य," मी म्हणालो.

शनिवार, ११ डिसेंबर

अकरा रेघा. वर्गाच्या इतिहासात इतक्या कोणाला पडल्या नाहीत, असं हर्षे सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मला उभं केलं. टाळ्या वाजल्या. फौजदारांनीही वाजवल्या.

विषयच माझ्यासाठी होता, 'नेत्याचं एकटेपण'. या वेळीही नाव घातलं नाही. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बैल गेले, कापूस जळला, तरी हा माणूस जळक्या आखाड्यावर नवा पत्रा टाकून राहतो. बाजारच्या दिवशी कापूस वेचणाऱ्या बायकांना तो सुट्टी देतो आणि आपण एकटा थांबतो. आता रोजे चालू आहेत, घोटभर पाणीही नाही. दुपारी लिंबाखाली पडतो, उशाला एक पत्र्याची पेटी, तिला कोणाला हात लावू देत नाही. त्या पेटीत काय आहे ते मी विचारलं नाही. मी ओळखलं. पण ओळखलं तरी लिहिलं नाही, एवढी अक्कल मला आहे.

मंगळवार, १४ डिसेंबर

बदर गेला.

मी बाजारात होतो. वेचणीला जाणारी चांगुणाबाई विळा विसरला म्हणून शेतात गेली होती, ती पळत आली. नुसती शेताकडे हात करत होती. मी धावलो. छातीत कळ आली तरी धावलो.

लिंबाखाली होता. कुऱ्हाडीचे घाव होते. डोक्यावर एक, खांद्यावर दोन, आणि हात आडवा घातला असणार, मनगट लोंबत होतं. जमीन ओली झाली होती. डोळे उघडे होते आणि त्याने मला ओळखलं. मी मडक्यातलं पाणी ओंजळीने त्याच्या तोंडाला लावलं. त्याने मान फिरवली. परत लावलं, परत फिरवली. अरे बदर, रोजा सुटू दे, देवाला सगळं कळतं, असं मी ओरडत होतो. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. पेटी गेली होती.

गावातली एकही गाडी यायला तयार नव्हती. फौजदारांच्या भीतीने सगळ्यांची पेट्रोलं संपली. शेवटी कचरू आला. एका डोळ्यावर पट्टी. माझ्याकडे बघितलं नाही. बदरचे पाय त्याने धरले, डोकं मी धरलं, नव्या गादीवर आडवं केलं. घनसावंगीच्या दवाखान्याच्या अलीकडे बदरचा श्वास थांबला. कचरूने जीप थांबवली नाही. पुढे बघत तो चालवत राहिला आणि एका डोळ्याने रडत राहिला.

जन्नतबीने सांगितलं, पेटीत खजूर होते, बापाचं घड्याळ होतं आणि सातबाऱ्याचे उतारे होते. एवढ्यासाठी.

शनिवार, २५ डिसेंबर

वर्गाचा समारोप होता. उषा म्हणाली, जाऊ नका. मी गेलो, कारण मला तो टेप शोधायचा होता. आज मी फुलदाणी फोडली, खुर्च्या उलट्या केल्या, माईकची वायर ओढून काढली. दोघांनी मला धरलं. मी ओरडलो, की तुम्ही सगळे एका जाळ्यातले आहात, माझ्या मित्राला तुम्ही मारलंत, कुठं लपवलंय तुमचं यंत्र? फौजदारांनी माझ्या पोटात गुडघा घातला. मी खाली पडलो.

हर्षे सर शांत होते. त्यांनी बदरसाठी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. रामरावही उभा राहिला, मान खाली घालून. मग सगळ्यांच्या चिंतनवह्या परत वाटल्या. माझी वही उत्कृष्ट ठरली, म्हणून तिला लाल फीत बांधली होती. यंत्र काही सापडलं नाही.

रविवार, २६ डिसेंबर

आज उषाने वहीची फीत सोडली. ती सातवी शिकली आहे, बोट ठेवून वाचते. ओट्यावर बसून तिने वाचलं. सगळं वाचलं नाही. फक्त जिथं लाल रेघ होती तेवढंच, मोठ्याने, एकापाठोपाठ.

"दर सोमवारी. कालव्याच्या रस्त्याने. सह्यांचे कागद. सोबतीला कोणी नाही. हातात काठी नाही." पान उलटलं. "कापूस. आढ्याला टेकला. उद्या. सगळं घर. लग्नाला. कुलूपसुद्धा नाही." पान उलटलं. "जळक्या आखाड्यावर. बाजारच्या दिवशी. बायकांना. सुट्टी. एकटा. रोजे. घोटभर पाणीही नाही. दुपारी. लिंबाखाली. उशाला एक पत्र्याची पेटी. हात लावू देत नाही."

तिने वही मिटली. मी ओट्याखाली उभा होतो.

मग ती आत गेली आणि माळ्यावरून लोणच्याची बरणी घेऊन आली. फडकं सोडलं. आत लोणचं नव्हतं. चाळीस पुरचुंड्या होत्या, लाखेचं सील तसंच्या तसं. दिवाळीपासून माझ्या डोक्यावर होत्या.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तिने फडकं परत आवळून बांधलं. मग म्हणाली, "बदरभाईनी शपथ घातल्ती. म्हनले, भुजंगला सांगू नका वहिनी. त्याचं मन साफ हाय. पण त्याला लिव्हायची खोड हाय."

म्हणजे त्याला माहीत होतं. दिवाळीला फराळ करताना माहीत होतं. माझ्या हातचं पाणी नाकारतानाही माहीत होतं. मी वही चुलीत घालायला उचलली. उषाने फुंकणी उगारली आणि माझ्या मनगटावर मारली. वही खाली पडली. ती तिने बरणीशेजारी ठेवली.

रविवार, ९ जानेवारी २०००

आज ईद. आधी कचरूकडे गेलो. साळूबाईने दार उघडलं नाही. बंद दारासमोर उभं राहून, मी तुला विनाकारण मारलं, असं मोठ्याने म्हणालो. रस्त्यावरच्या लोकांनी ऐकलं. दार उघडलं नाहीच.

मग वही घेऊन बदरच्या घरी गेलो. शेवया केल्या नव्हत्या. जन्नतबी नवऱ्यामागच्या इद्दतीत आहे, परपुरुषासमोर येत नाही, ती आतल्या दाराच्या पडद्यामागे बसली. सिराज माझ्यासमोर बसला, बँडेजचा हात मांडीवर ठेवून. मी म्हणालो, भाभी, मी बदरवर लिहिलेलं वाचून दाखवायचं आहे. तिने आतून वाचा म्हणून सांगितलं.

मी वाचलं. सिराजची शीळ, सह्यांची थैली, कुलूप नसलेली खोली, लिंबाखालची पेटी. पडद्यामागे ती हळूहळू रडत होती, आणि मध्येच एकदा हसलीसुद्धा. संपल्यावर म्हणाली, "बराबर असेच होते ते. भुजंगभाई, तुमी किती चांगलं लिहिलं."

सिराज वहीकडे वाकून बघत होता. "ह्या लाल रेघा कशाच्या?"

मी सांगितलं. कोणी ओढल्या, कधी ओढल्या, आणि प्रत्येक रेघेनंतर काय झालं. काहीही गाळलं नाही. रेघा मोजून मला आनंद होत होता, हेही सांगितलं.

सिराज उठला आणि त्याने बँडेजच्या हाताने माझ्या तोंडावर मारलं. माझा ओठ फुटला. पण ओरडला तो. हात पोटाशी धरून तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याला धरायला गेलो, त्याने मला ढकललं.

मला वाटलं, आता ती निघून जा म्हणेल. ती म्हणाली, "सिराज, बस." मग माझ्याशी बोलली. आवाज कोरडा होता. "मला बाहेर निघता येत न्हाई. सुनावणीला जालन्याला वहिनीसंगं पुरचुंड्या घेऊन तुमीच जा. आन् ही वही तिथं सगळ्यांसमोर वाचा."

मी म्हणालो, भाभी, ही वही वाचली तर फौजदाराआधी मलाच धरतील.

"मालूम हाय," ती म्हणाली. "आता परत वाचा. रेघ जिथं आली, तिथं रेघ म्हणून सांगा."

मी ओठाचं रक्त बाहीला पुसलं आणि पहिलं पान उघडलं. 'सिराजोद्दीन,' मी वाचलं, 'दर सोमवारी,' आणि थांबून म्हणालो, रेघ.